पट्टा शोधू नका, 1966 साल आहे

निघण्यापूर्वी मोबाइल घरी ठेवा आणि गडद रंगाचा सूट चढवा. जिथं जायचंय तिथं बहुतेक पुरुष तसेच दिसणार आहेत. धुराचा त्रास होत असेल तर रुमाल जवळ असू द्या, कारण तिथं जो तो सिगारेट ओढतो.

22 मार्च 1966, वॉशिंग्टन. रस्त्याच्या कडेला पाच वर्षं जुनी, ऐसपैस अमेरिकन गाडी उभी आहे. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी बसा. दार लावताना असा भरीव आवाज येतो की तुम्ही मनातल्या मनात म्हणता, पत्रा बघा काय आहे! सवयीनं हात खांद्यामागे गेला ना? तिथं काही नाही. कमरेशीही काही नाही. अलीकडच्या गाड्यांत पुढच्या सीटना कमरेचा पट्टा येऊ लागलाय, कारण काही राज्यांनी तसा आग्रह धरला. ही गाडी त्याआधीची आहे.

आता समोर बघा. डॅशबोर्ड रंगवलेल्या पोलादाचा, कुठंही मऊ आवरण नाही. रेडिओची, वायपरची, लायटरची बटणं बोटभर बाहेर आलेली, आणि त्यांची पातळी नेमकी तुमच्या गुडघ्यांची नाही तर दातांची. सगळीकडे क्रोम इतकं चकाकतंय की उन्हाची तिरीप डोळ्यांत जाते. ड्रायव्हरकडे वळा. स्टिअरिंगच्या चाकामागचा दांडा सलग, अखंड पोलादी आहे. त्याचं एक टोक पुढच्या चाकांजवळच्या गिअरबॉक्समध्ये आणि दुसरं थेट ड्रायव्हरच्या छातीसमोर. गाडी समोरून आदळली की पुढचा भाग मागे सरकतो आणि हा दांडा भाल्यासारखा आत येतो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही, गाड्या अशाच असतात.

गिअरचा दांडाही बघून घ्या. ऑटोमॅटिक गाडी आहे, पण क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. काही गाड्यांत रिव्हर्स अगदी शेवटी, पुढे जाण्याच्या ‘लो’ गिअरला खेटून. एक खाच चुकली की पुढे जायची गाडी मागे जाते आणि मागे कोण उभं होतं हे नंतर कळतं. त्यावर शेरा ठरलेला: चालकाची चूक.

हा शेरा तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. अमेरिकेत तो चाळीसएक वर्षं चाललाय. अपघात कमी करायचे तर रस्ते सुधारा, पोलीस वाढवा आणि चालकाला शहाणपण शिकवा, असा उपदेश सगळीकडे मिळतो. गाडीबद्दल अवाक्षर नाही. खरं तर अपघातात दोन टकरी होतात. पहिली गाडीची झाडाशी किंवा दुसऱ्या गाडीशी, आणि दुसरी, डोळ्यांचं पातं लवायच्या आत, तुमची गाडीच्या आतल्या भागाशी. माणूस मरतो तो बहुतेकदा दुसऱ्या टकरीत. पहिली टक्कर चालक टाळू शकतो. दुसरीत तुम्ही कशावर आदळणार हे डिझाइनच्या टेबलावर बसलेल्या माणसानं काही वर्षांपूर्वीच ठरवून टाकलेलं असतं. 1966 या एका वर्षात या देशात रस्त्यांवर पन्नास हजारांवर माणसं मरणार आहेत.

ड्रायव्हर तुम्हाला कॅपिटॉलजवळच्या सिनेटच्या जुन्या कार्यालयीन इमारतीपाशी सोडतो. तुम्ही वेळेत पोहोचलात. ज्याच्यासाठी वरचं दालन खच्चून भरलंय, त्याला मात्र टॅक्सी मिळत नाहीये.

त्याचं नाव राल्फ नेडर. वय 32, उंच, सडसडीत, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला, लेबनॉनहून आलेल्या आईबापांचा मुलगा. कनेक्टिकटमधल्या विनस्टेड नावाच्या लहानशा गावात बापाचं रेस्टॉरंट. नोव्हेंबर 1965 मध्ये त्याचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. पहिलंच प्रकरण जनरल मोटर्सच्या शेवरोले कॉर्व्हेअर या गाडीवर. इंजिन मागे, मागची चाकं स्विंग ॲक्सलवर. जोरात वळण घेतलं की मागचं चाक आत दुमडून गाडी सटकू शकते. त्यावर कंपनीचा इलाज काय, तर पुढच्या टायरमध्ये 15 पौंड आणि मागच्यात 26 पौंड हवा ठेवा. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? 1964 साली कंपनीनं स्टॅबिलायझर बार टाकला आणि 1965 मध्ये सगळं सस्पेन्शनच बदललं. म्हणजे इलाज ठाऊक होता, फक्त गाडीबरोबर आला नव्हता.

दालनात शिरा. संगमरवरी खांब, मोठाली झुंबरं, टीव्हीच्या दिव्यांचा उकाडा. बारा वर्षांपूर्वी सिनेटर मॅकार्थींची गाजलेली सुनावणी झाली ती याच दालनात. मधोमध उपसमितीचे अध्यक्ष अब्राहम रिबिकॉफ, तेही कनेक्टिकटचेच. त्यांच्या समितीत केस विस्कटलेले रॉबर्ट केनेडी. साक्षीदारांच्या टेबलाशी जनरल मोटर्सचे प्रेसिडेंट जेम्स रोश आणि शेजारी वकील म्हणून टेड सोरेन्सन, जे जॉन केनेडींची भाषणं लिहीत. जगातल्या सर्वांत मोठ्या वाहन कंपनीचा प्रमुख आज माफी मागायला आलाय.

झालं असं की पुस्तक आल्यावर कंपनीच्या कायदा विभागानं नेडरच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. त्यांनी नेडरच्या ओळखीच्यांना गाठून, त्याला नोकरी द्यायची आहे असं भासवत विचारपूस केली. लग्न का केलं नाही, राजकारण कुठलं, ज्यूद्वेष्टा तर नाही? म्हणजे गाडीचं सस्पेन्शन सोडून सगळं. नेडरच्या सांगण्यानुसार रात्री-अपरात्री फोन आले, औषधाच्या दुकानात आणि सुपरमार्केटमध्ये अनोळखी तरुणींनी सलगी करायचा प्रयत्न केला. फोन आणि तरुणी यांच्याशी आपला संबंध नाही असं कंपनी म्हणते, पण पाळत ठेवल्याचं तिला कबूल करावं लागलंय. फेब्रुवारीत पाठलाग करणारे दोघं थेट सिनेटच्या इमारतीत घुसले आणि पहारेकऱ्यांच्या नजरेत आले. सिनेटला साक्ष देणाऱ्या माणसाला त्रास देणं हा गुन्हा आहे, म्हणून आजची ही सुनावणी.

रोश वाचून दाखवतात: मला कल्पना नव्हती, जे झालं ते चुकलं, मी माफी मागतो. उशिरानं धापा टाकत नेडर येतो. टॅक्सीची वाट बघून बघून इतका वैतागलो, की जाऊन एक शेवरोले विकत घ्यावी असंच वाटू लागलं, असं तो सांगतो आणि दालन खदखदून हसतं. तुम्हीही हसा. या माणसानं स्वतःची गाडी ठेवलेली नाही.

वर्तमानपत्रांना असा प्रसंग हवाच असतो: एकटा माणूस आणि बलाढ्य कंपनी. उद्या सगळीकडे हेच छापून येणार. मला विचाराल तर महत्त्वाचा क्षण आठ महिने आधीच येऊन गेला, आणि तो पाहायला पत्रकारांची एवढी गर्दी नव्हती. म्हणून जरा मागे, जुलै 1965 मध्ये चला. समिती तीच. समोर जनरल मोटर्सचे चेअरमन फ्रेडरिक डोनर आणि हेच रोश. रॉबर्ट केनेडी विचारतात, गाडीच्या सुरक्षेवरच्या संशोधनाला तुम्ही किती पैसे दिलेत? उत्तर येतं, साधारण साडेबारा लाख डॉलर. मग केनेडी विचारतात, गेल्या वर्षी नफा किती झाला? डोनर अडखळतात. हा आकडा इथं कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. केनेडी प्रश्न सोडत नाहीत. शेवटी रोश सांगतात: 1.7 अब्ज. तुम्ही मागच्या बाकावर बसून हिशेब करा. हजार डॉलर नफ्यामागे पाऊण डॉलरसुद्धा पुरा नाही. कंपनी पुढे म्हणेल की आमच्या आतल्या विभागांचा खर्च वेगळा आहे. असेलही. पण ज्यांच्या गाड्यांत अर्धा देश फिरतो त्यांना हा साधा हिशेब त्याआधी भर सुनावणीत कोणी विचारलाच नव्हता.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी तोंडावर फेकायला नको. 1972 साली सरकारच्याच तपासणीत निष्कर्ष निघेल की 1960 ते 63 च्या कॉर्व्हेअर त्या काळातल्या तशाच इतर गाड्यांहून जास्त उलटत नव्हत्या. नेडरचे टीकाकार हे आजही उगाळतात. मला त्यात उलटाच अर्थ दिसतो: बाकीच्या गाड्याही तेवढ्याच वाईट होत्या, आणि त्या मोजायला सरकारात 1966 पर्यंत कोणी बसलेलंच नव्हतं.

आता 9 सप्टेंबर 1966. व्हाइट हाउसची रोझ गार्डन. गर्दीत मागे उभे राहा, नेडरही इथंच आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन वाहन सुरक्षेच्या आणि महामार्ग सुरक्षेच्या कायद्यांवर सही करतायत. ते सांगतात, नुकत्याच झालेल्या लेबर डेच्या सुट्टीत व्हिएतनाममध्ये 29 अमेरिकन सैनिक मारले गेले आणि त्याच दिवसांत अमेरिकेच्या रस्त्यांवर 614 माणसं. सिनेटनं जूनमध्ये हे विधेयक 76 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं होतं. मार्चमधली ती माफी आणि जूनमधलं ते शून्य यांचं नातं उघड आहे.

सही होताना टाळ्या वाजवा, पण कागदही वाचा. जाणूनबुजून गुन्हा करणाऱ्या कंपनी अधिकाऱ्याला तुरुंग व्हावा असं नेडरला हवं होतं. ते गाळलं गेलं. दंड एका उल्लंघनाला हजार डॉलर, आणि सगळे मिळून चार लाखांच्या वर नाही. 1.7 अब्ज आठवा. दोष सापडला तर कंपनीनं गाडीच्या मालकाला सर्टिफाइड डाकेनं कळवायचं, एवढंच बंधन. दुरुस्ती फुकट करून देणं सक्तीचं व्हायला 1974 उजाडेल. तरीही एक पक्कं झालं. गाडी कशी असावी हे सरकार ठरवणार आणि ती तशी नसेल तर विकता येणार नाही. या कामावर विल्यम हॅडन नावाचे डॉक्टर नेमले गेले. साथीच्या रोगांचा अभ्यास केलेला माणूस. रोगी बेशिस्त आहे म्हणून रोग झाला, असं म्हणून साथ थांबत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

1 जानेवारी 1968 पासूनच्या गाडीत बसून बघा. तोच ड्रायव्हर, तेच रस्ते. स्टिअरिंगचा दांडा धक्का बसला की स्वतः दबतो. डॅशबोर्डला गादी आली, क्रोमची चकाकी उतरली, ब्रेकला दुहेरी व्यवस्था आली, गिअरचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा झाला, पट्टे आले. 1966 मध्ये अमेरिकेत दर दहा कोटी मैल प्रवासामागे साडेपाच माणसं मरत. पन्नास वर्षांनंतर हा आकडा सव्वाच्या आत आला. रस्ते सुधारले, दारू पिऊन चालवणाऱ्यांवरचे कायदे कडक झाले, त्याचाही वाटा आहे; पण दांडा छातीत घुसायचा थांबला तो कोणाच्या शहाणपणानं नव्हे.

1974 ला मिनिटभर थांबू, कारण इथं सरकार तोंडावर आपटलं. या वर्षीच्या नव्या गाड्या पुढच्या सीटवरच्यांनी पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नाहीत. शेजारच्या सीटवर किराणाची पिशवी ठेवलीत तरी गाडीला वाटतं की माणूस बसलाय, आणि ती ढिम्म राहते. लोक इतके भडकले की ऑक्टोबरमध्ये काँग्रेसनं कायदा करून ही सक्तीच काढून टाकली. हसू नका. आपल्याकडे पट्ट्याचा बीप बंद करायला बकलमध्ये खोचायची क्लिप मिळते, ठाऊक असेल. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्रेत्यांकडून अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती काढायला लावल्या.

क्लिपवरून आपण आपल्याकडे आलोच आहोत, तर पुण्याला चला. साल पुन्हा 1966. याच वर्षी पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. ज्या टेकडीला पुणेकर आज एआरएआयची टेकडी म्हणतात, तिथली ही संस्था. वाहन उद्योगानं केंद्र सरकारसोबत उभी केलेली. म्हणजे अमेरिकेत कायदा झाला त्याच वर्षी आपल्याकडे वाहनं तपासणारी संस्था जन्माला आली होती. गाडी समोरून आदळून बघितल्याशिवाय विकायची नाही, असं आपण म्हणायला मात्र अर्धशतक गेलं. त्या काळच्या मुंबईतल्या फियाटमध्ये बसा. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पट्टा नाही, आणि गाडी मिळाली हेच भाग्य, कारण नंबर लागायला वर्षं जात. अशा बाजारात गिऱ्हाईक काय मागणार? पुढच्या सीटना पट्टा सक्तीचा झाला 1994 मध्ये.

तिथून थेट जर्मनीतल्या लांड्सबर्गला, 2014 च्या थोडं आधी. चाचणीच्या दालनात पिवळ्या रेषेबाहेर उभे राहा. भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या, धडक चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं इथं आणल्यात: ऑल्टो 800, नॅनो, फिगो, आय10, पोलो. सगळी बेस मॉडेल, एकीलाही एअरबॅग नाही. आत बसवलेल्या पुतळ्यांचे चेहरे आणि गुडघे रंगवलेत, कुठं आदळले ते डागांवरून कळावं म्हणून. मागच्या सीटवर दोन पुतळे लहान मुलांचे आहेत. ताशी 64 किलोमीटरनं गाडी ओढली जाते आणि समोरची चाळीस टक्के रुंदी ॲल्युमिनियमच्या अडथळ्यावर धडकते. आवाज छातीत बसतो. 31 जानेवारी 2014 ला निकाल लागला: पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे.

यातली पोलो जवळून बघा. तिचा सांगाडा टिकला, पण एअरबॅग नसल्यानं आतल्या माणसाचा बळी गेला असता. कंपनीनं बिनएअरबॅगची पोलो विकणं बंद केलं आणि दोन एअरबॅगची पोलो तपासायला दिली. तिला चार तारे मिळाले. तीच गाडी, तोच सांगाडा. शून्य आणि चार यांतलं अंतर दोन पिशव्यांचं होतं, आणि युरोपातल्या गिऱ्हाइकाला त्या कधीच्याच मिळत होत्या. ‘भारतीय माणूस ॲव्हरेज विचारतो, सुरक्षेला पैसे देत नाही’ हे पालुपद तुम्ही ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे. पण जे बेस मॉडेलच्या यादीतच नाही, ते गिऱ्हाईक मागणार तरी कसं?

त्यानंतर मात्र सरकार भरभर हललं. नव्या मॉडेलना समोरून आणि बाजूनं धडक चाचणी ऑक्टोबर 2017 पासून, जुन्यांना ऑक्टोबर 2019 पासून. ड्रायव्हरची एअरबॅग आणि बीप जुलै 2019 पासून, शेजारच्याची एअरबॅग 2022 उजाडेपर्यंत. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं सदोष गाड्या परत मागवायचा अधिकार सरकारला आला आणि कंपनीला शंभर कोटींपर्यंत दंडाची तरतूद झाली.

एक थांबा चुकवता येणार नाही. 4 सप्टेंबर 2022, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. तीन पदरी रस्ता पुलावर अरुंद होतो तिथं एक महागडी, भरपूर एअरबॅगांची गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं तपासात पुढे आलं. दुसरी टक्कर मागच्या सीटवरही होते. मागच्यांनी पट्टा लावावा हा नियम कागदावर होताच. मग घोषणा झाल्या, मुंबईत नोव्हेंबरपासून सक्ती झाली. पट्टा न लावल्यानं त्या एका वर्षात देशात 16,715 माणसं मेली, हा केंद्र सरकारचाच आकडा. त्यातले जवळजवळ निम्मे प्रवासी. मागच्या सीटचा बीप गाडीतच बसवायची सक्ती आली एप्रिल 2025 मध्ये. आणि सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी 2022 चा. आधी तारीख वर्षभर पुढे गेली, मग सक्ती नाहीच असं जाहीर झालं. बाजारातली स्पर्धाच ते काम करेल, असं कारण दिलं गेलं. 1965 मध्ये डेट्रॉइटच्या गाडी कंपन्याही असंच म्हणत होत्या.

आता घरी या आणि सूट उतरवा. शोरूममध्ये जायचंय. विक्रेता तुम्हाला ‘सर’ म्हणतो, आधी सनरूफ उघडून दाखवतो, मग मोठा स्क्रीन. भिंतीवर पाच तारे लावलेत. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप आहे. आपलीच चाचणी, आपल्याच देशात, आणि पहिल्या निकालात टाटांच्या हॅरियर आणि सफारीनं पाच तारे मिळवले, ही अभिमानाचीच गोष्ट. पण ही चाचणी ऐच्छिक आहे. जी कंपनी गाडी पाठवत नाही, तिच्या गाडीला शून्यही मिळत नाही. तिच्या भिंतीवर नुसतं सनरूफचं पोस्टर असतं.

तेव्हा विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. तारे कोणत्या साली मिळाले, मी घेतोय त्या व्हेरिएंटमध्ये त्याच एअरबॅग आहेत का, आणि तारे नसतील तर गाडी तपासायला पाठवली होती का? उत्तर मिळेपर्यंत बुकिंगचा चेक देऊ नका.